सतारीला गिअरच्या खुंट्या : वादक मंडळी नव्या सुधारणा इतक्या उशिरा का स्वीकारतात?

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९४ साली मिरजेहून आणलेली सतार आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या बर्थवर तिला निजवून मी स्वतः रात्रभर पायथ्याशी बसून आलो होतो, यावरून तिच्याविषयीची माझी भावना लक्षात यावी. तीस वर्षे तिने उत्तम साथ दिली. तक्रार आहे ती फक्त खुंट्यांची. जळगावचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कूलर लावला की खोलीतली हवा ओलसर होते, बंद केला की तासाभरात ठणठणीत कोरडी होते, आणि या हेलकाव्यांत लाकडी खुंट्या एक तर सुटतात किंवा अशा रुततात की पकडीने फिरवाव्यात असे वाटते. गेल्या एप्रिलमध्ये एका घरगुती बैठकीत मारव्याचा आलाप चालू असताना कोमल रिषभावर मींड ओढली (तार ताणून स्वर घसरत नेला) आणि बाजाची, म्हणजे मुख्य, तार खुंटीसकट सैल पडली. श्रोते सज्जन होते, कोणी हसले नाही. परंतु तो रिषभ मला अजून आठवतो.

एका कारागिराने गिटारला असतात तशा धातूच्या, गिअर असलेल्या खुंट्या बसवण्याचा सल्ला दिला. मी त्यांची छायाचित्रे आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांना दाखवली. ज्यांच्या कानावर माझा पूर्ण विश्वास आहे असे आमचे नाना एवढेच म्हणाले, "खुंटीला यंत्र लावणार असाल तर मग वाजवायलाही यंत्रच बसवा." याच नानांचा रियाज गेली वीस वर्षे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर चालतो आणि स्वर तपासायला ते मोबाइलवरचे ॲप उघडतात. मग खुंटीनेच काय घोडे मारले? मी त्या बसवाव्यात की नाही हे तर सांगाच, पण तंतुवाद्यांमधल्या सुधारणा आपण इतक्या नाखुशीने का घेतो, याबद्दलही आपले अनुभव वाचायला आवडतील.

भरीत_भाकरी

शाळेतला पांढरा खडू खुंटीला घासावा. आमच्या तीन पिढ्यांचे त्यावर भागले. रंगीत खडू मात्र वापरू नये. मी वापरला होता आणि पुढे आठवडाभर माझी बोटे गुलाबी होती.

तापीकाठ (जळगाव)

भरीतभाऊ, खडूचा उपाय करून झाला आहे. खडूने खुंटी धरून राहते हे खरे, परंतु मग ती सरकत न फिरता झटक्याझटक्याने फिरते. स्वर हवा त्याच्या किंचित खाली तरी राहतो किंवा उडी मारून वर तरी जातो.

रंधा (चाळीसगाव)

मी वाद्यदुरुस्तीची कामे करतो, म्हणून थोडे लाकडाविषयी लिहितो. लाकूड कोरडे पडले की ते आडव्या अंगाने जास्त आकसते आणि रेषांच्या दिशेने जवळजवळ आकसतच नाही. त्यामुळे गोल कोरलेले भोक आणि गोल तासलेली खुंटी ही दोन्ही उन्हाळ्यात सूक्ष्म लंबगोल होतात, आणि दोघांचे लंबगोल एकमेकांशी जुळत नाहीत. खुंटी मग सगळीकडून न टेकता दोन जागी टेकते. खडू त्या दोन जागांवर पकड वाढवतो, भोकाचा आकार बदलत नाही. तुमच्या सतारीच्या खुंट्या तीस वर्षांत एकदाही नव्याने बसवून घेतल्या नसतील तर दोष लाकडाचा नाही, आपल्या आळसाचा आहे. राग मानू नये.

मेरुखंड (धुळे)

तापीकाठ, मी स्वतः सतार वाजवतो आणि नानांच्या बाजूने चार शब्द लिहू इच्छितो, कारण 'वादक मंडळी सुधारणा स्वीकारत नाहीत' हे आपल्या शीर्षकातले गृहीतच मला मान्य नाही.

आज आपण जी सतार मांडीवर घेतो ती शंभर वर्षांपूर्वीची सतार नव्हेच. उस्ताद विलायत खाँ यांनी खर्जाच्या, म्हणजे अगदी खालच्या स्वरांच्या, तारा काढून टाकल्या, गंधाराची तार घातली, वाद्याची बांधणी इतकी भक्कम करून घेतली की एकाच पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) पाच स्वरांपर्यंतची मींड ओढता यावी. पंडित रविशंकर यांनी नेमके उलट केले. त्यांना खर्जातला आलाप हवा होता म्हणून त्यांच्या सतारीवर खर्जाच्या तारा राहिल्या. एकाच वाद्याला एकाच काळात दोन वेगळ्या दिशांनी बदलले गेले आणि दोन्ही बदल शिष्यांनी डोळे मिटून घेतले. सरोदकडे पाहा. त्याची लाकडी पट्टी जाऊन तिथे पोलादी पत्रा आला तो एकोणिसाव्या शतकात. तो पहिल्यांदा कोणी बसवला यावर घराण्यांमध्ये आजही वाद आहे, आणि वाद असा आहे की 'आमच्याच पूर्वजाने बसवला'. 'तुमच्या पूर्वजाने वाद्य बिघडवले' असे कोणी म्हणत नाही.

म्हणजे बदल नाकारला जात नाही. जो बदल वाजवणाऱ्याच्या गळ्यातून, त्याच्या संगीताच्या गरजेतून येतो तो घेतला जातो. गिअरची खुंटी कोणत्या रागाची गरज भागवते? तिने मींड लांबत नाही, नाद वाढत नाही. शिवाय सात धातूच्या खुंट्यांनी दांडीच्या टोकाला वजन येते आणि डावा हात ते वजन तोलत बसतो. बारीक जुळवणीसाठी घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्या, मागे तारेत ओवलेला सरकता मणका आहेच. तो कशासाठी दिला आहे?

तापीकाठ (जळगाव)

मणका अर्ध्या श्रुतीपुरता उपयोगी आहे हो. खुंटीच सुटली तर मणका काय करणार? पूर आल्यावर छत्री उघडण्यासारखे आहे ते.

पारिजात (नंदुरबार)

मेरुखंड यांचे म्हणणे ऐकायला नीटनेटके वाटते, पण इतिहास इतका नीटनेटका नाही. पंडित शिवकुमार शर्मा यांनी १९५५ साली मुंबईत संतूर वाजवले तेव्हा त्यांचा बदल पूर्णपणे संगीताच्या गरजेतूनच आलेला होता, तरीही या वाद्यावर मींड येत नाही म्हणून ते रागसंगीताच्या कामाचे नाही असेच जाणकार म्हणाले. त्यांनी तारांची संख्या आणि मांडणी बदलली, लाकडी घडवंचीवरचे वाद्य मांडीवर घेतले म्हणजे झंकार आटोक्यात राहील, आणि इतके करूनही टीका थांबायला वर्षे गेली. मग कोणती गरज खरी आणि कोणती खोटी हे ठरवणार कोण? बहुतेक वेळा यश आल्यानंतरच ती गरज होती असे म्हटले जाते.

मेरुखंड (धुळे)

मुद्दा मान्य. परंतु टीका झाली म्हणूनच संतूर सुधारले, हेही लिहा. लोकांनी पहिल्याच दिवशी टाळ्या वाजवल्या असत्या तर ते वाद्य घडवंचीवरच राहिले असते.

गजावरचा_माणूस

मी व्हायोलिन वाजवतो, त्यामुळे पश्चिमेकडची थोडी भर घालतो. तिथे तर याहून गंमत आहे. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ वादकांना काळे चष्मे घालून सहा व्हायोलिने वाजवायला दिली : तीन नवी, आणि इटलीतल्या जुन्या नामवंत कारागिरांची तीन, त्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियसची आणि एक ग्वार्नेरीचे. जुन्या लाकडाच्या वासावरून ओळखू नये म्हणून हनुवटीखाली अत्तराचा थेंब लावला होता. यातले घरी कोणते न्याल असे विचारल्यावर २१पैकी १३ जणांनी नवे वाद्य निवडले, आणि सर्वांत नावडते ठरले ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. हा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. तेवढ्याने जगातले व्हायोलिनवादक नव्या वाद्यांकडे वळले का? नाही. कान एक सांगतो आणि मन दुसरेच धरून बसते.

कोमल_निषाद

तो प्रयोग हॉटेलच्या खोलीत झाला होता, हे आपण लिहिले नाहीत. जे वाद्य मोठ्या सभागृहासाठी घडले ते खोलीत अजमावायचे म्हणजे बैलगाडीची परीक्षा अंगणात घेण्यासारखे झाले.

गजावरचा_माणूस

आक्षेप रास्त आहे आणि तो त्या वेळीही घेतला गेला. म्हणूनच पॅरिसजवळ पुन्हा प्रयोग केला, त्यात दहा नामांकित एकलवादक, बारा वाद्ये आणि खोलीबरोबर ३०० आसनांचे सभागृहही होते. त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले : दहापैकी सहा जणांनी नवे वाद्य पसंत केले.

एक गोष्ट आणखी. ज्या स्ट्रॅडिव्हेरियसच्या नावाने 'मूळ स्वरूप' जपले जाते, त्यातली जवळजवळ सगळी एकोणिसाव्या शतकात उघडून बदललेली आहेत. मान लांब केली, ती मागे झुकवली, आतला आधाराचा दांडा मोठा बसवला. हनुवटीची टेकणसुद्धा लुडविग श्पोर या वादकाने १८२०च्या सुमारास आणली. म्हणजे आपण ज्याला परंपरा म्हणून हात लावू देत नाही, ती कोणाची तरी दुरुस्तीच असते.

लोकल_लूप (भुसावळ)

आम्ही इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, आम्हाला सगळे आधुनिक समजतात, म्हणून आमची लाज मी स्वतःच सांगतो. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४१च्या सुमारास चार इंच रुंदीच्या लाकडी ओंडक्यावर तारा ओढून भरीव गिटार केली आणि गिब्सन कंपनीकडे नेली, तेव्हा तिथे तिची थट्टा झाली. त्याच कंपनीने त्यांच्याच नावाची गिटार काढली १९५२ साली, तीही फेंडरची गिटार बाजारात खपताना पाहिल्यावर. आणि पुढे काय? फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली १९५४ साली, तिच्या प्रतिकृती आजही पोरे हप्त्यावर घेतात. नवी कोरी गिटार मुद्दाम घासून, रंग उडवून जुनी करून विकतात आणि तिची किंमत जास्त असते!

खुंट्यांचेच बोलायचे तर २०१५ साली गिब्सनने आपल्या बहुतेक गिटारींना आपोआप सूर लावणाऱ्या मोटारीच्या खुंट्या बसवून दिल्या. दहा सेकंदांत सगळ्या तारा सुरात. ग्राहकांनी इतकी ओरड केली की पुढच्या वर्षी ती सक्ती कंपनीला मागे घ्यावी लागली. तेव्हा नाना एकटे नाहीत. नाना आमच्यातही आहेत, फक्त त्यांनी काळे टी-शर्ट घातलेले असतात.

भरीत_भाकरी

काळा टी-शर्ट घातलेल्या नानांची कल्पना करून चहा सांडला.

बोरीकाठची (अमळनेर)

मी गायन शिकवते. आतापर्यंतचे प्रतिसाद वाचून मला वाटते की आपण एक मोठा अपवाद विसरतो आहोत, तो म्हणजे इलेक्ट्रॉनिक तंबोरा. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांनी तो १९७९च्या सुमारास केला, आणि एका पिढीच्या आत तो खेड्यापाड्यांतल्या क्लासांमध्ये पोचला. कोणी चळवळ केली नाही, कोणी परिषद भरवली नाही. आमच्या गुरुजींसारखा कर्मठ माणूस, जो हार्मोनियमला 'पेटी' म्हणतानाही तोंड वाकडे करत असे, तोसुद्धा दोन वर्षांत त्या डब्यावर रियाज करू लागला.

याचे कारण मला असे वाटते की तंबोरा ही आपण 'वाजवतो' अशी वस्तू मानली गेलीच नाही. ती मागे चालू असते. जे हातात नाही त्यात बदल लवकर होतो. जे हातात आहे, ज्यावर बोटांना दहा-वीस वर्षांची सवय आहे, तिथे केसभर फरकही चालत नाही, कारण तो फरक वाद्यात होत नाही, आपल्या अंगात होतो. नानांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि नानांचा खुंटीला विरोध यांत मला तरी विसंगती दिसत नाही.

परंतु या लवकर स्वीकारण्याची किंमत मी रोज मोजते आहे. माझ्या क्लासमध्ये विशारदच्या वर्गातली मुलगी समोर खरा तंबोरा ठेवला की गांगरते. मागच्या दिवाळीत मी एकीला जोडीच्या तारा लावायला बसवले. तिने पहिली तार लावली, दुसरी लावताना पहिली उतरली, पहिली चढवली तर पंचम हलला. अर्ध्या तासाने तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी तिला घोडीवरचा धागा अगदी हळूच मागेपुढे करायला सांगितले, आणि एका जागी तो धागा पोचताच तार अशी बोलू लागली की आतल्या खोलीतून माझ्या सासूबाई बाहेर आल्या. त्या मुलीने विचारले, "ताई, यातून गंधार कसा ऐकू येतोय? गंधाराची तार तर नाहीये." डब्यावर पाच वर्षे गाऊनही तिला तो गंधार कधी भेटला नव्हता. म्हणून म्हणते, सुधारणा उशिरा घेणे हा प्रत्येक वेळी हटवादीपणा नसतो.

पारिजात (नंदुरबार)

ताई, प्रतिसाद फार आवडला. या धाग्यावर खरा धागा पहिल्यांदाच आला.

कोमल_निषाद

हार्मोनियमचा उल्लेख झालाच आहे तर आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर घातलेली बंदीही आठवावी. ती १९७१ साली सैल झाली. तीस वर्षे सरकारी विरोध होता, आणि तेवढ्या काळात बाहेरच्या मैफलींमधून सारंगी मागे पडून पेटी पुढे आली. पंडित रामनारायण यांच्यासारख्या कलावंताने सारंगी एकलवादनाला नेली म्हणून ती टिकली. साथीत मात्र तिची जागा गेली ती गेलीच. विरोध उशीर करू शकतो, वाट अडवू शकत नाही, असे मला दिसते. अर्थात पेटी तंतुवाद्य नाही, म्हणून इथेच थांबतो.

सातपुड्याच्या_पायथ्याशी (चोपडा)

सगळी चर्चा मैफलीच्या वाद्यांची चालली आहे, म्हणून खालच्या अंगाचे एक सांगतो. आमच्या गावी कानबाईच्या उत्सवाच्या रात्री गाणे-बजावणे होते. माझ्या लहानपणी तिथे येणाऱ्या म्हाताऱ्याचे तुणतुणे लाकडी पिंपाचे होते, खालून कातडे मढवलेले. आता त्याचा नातू येतो, त्याच्या तुणतुण्याचे पिंप म्हणजे तेलाचा पत्र्याचा डबा आहे आणि तार मोटारसायकलच्या क्लचच्या केबलमधून उसवून काढलेली आहे. मी त्याला मोठ्या अभ्यासूपणे विचारले की हा बदल त्याच्या आजोबांना चालला असता का. तो माझ्याकडे पाहतच राहिला आणि म्हणाला, "त्यामा काय नवं शे?" तार तुटली, दुसरी लावली, पिंप फुटले, डबा लावला. वाजणारे तेच, वाजवणारे तेच.

मला वाटते, वाद्याची किंमत लाखात गेली, त्याला कारागिराचे नाव चिकटले आणि ते काचेच्या कपाटात बसले, की मग सुधारणेची भीती सुरू होते.

मेरुखंड (धुळे)

क्लचच्या तारेवर मारवा वाजवून दाखवावा, मग मी सतार विकून टाकतो.

सातपुड्याच्या_पायथ्याशी (चोपडा)

बाजाची तार सुटल्यावर आपल्याही सतारीवर मारवा वाजत नाही, असे धाग्यातच नमूद आहे.

गजावरचा_माणूस

किमतीचा मुद्दा खरा आहे, पण त्याहून मोठी गोष्ट डोळ्यांची आहे. २० जानेवारी २००९ रोजी ओबामांच्या शपथविधीला चेलोवादक यो-यो मा आणि इतर तिघे वाजवायला बसले, तेव्हा थंडी इतकी होती की तारा आणि लाकूड यांचा भरवसा नव्हता. कार्बन फायबरचा चेलो वापरावा असा विचार मा यांच्या मनात आला होता. असा चेलो बॉस्टनच्या वाद्यवृंदातले चेलोवादक लुईस लेगीया यांनी विकसित केलेला आहे आणि त्याला थंडीवाऱ्याचे काहीच नसते. परंतु त्या काळ्या वाद्याकडे लोकांचे लक्ष वेधले जाईल म्हणून तो विचार सोडून दिला, आणि दोन दिवस आधी केलेले ध्वनिमुद्रण लावून त्यावर वाजवल्यासारखे केले. म्हणजे नाद मुद्रित चालला, पण रूप बदललेले चालले नाही! मी दोष देत नाही; त्यांच्या जागी मीही तेच केले असते. गजाच्या बाबतीत मात्र आम्ही हळूहळू बदललो आहोत, कारण पर्नांबुको हे लाकूड २००७पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणात आले. कार्बनचा गज आज पुष्कळांच्या पेटीत असतो. बहुतेक जण त्याला 'दुसरा गज' म्हणतात, आणि रियाजाला रोज तोच काढतात.

रंधा (चाळीसगाव)

गजावरच्या माणसाने डोळ्यांचे म्हटले ते मला अगदी पटले, कारण माझ्या बाकावर मी ते रोज पाहतो.

पूर्वी सतारीच्या घोडीला सांबरशिंग किंवा हस्तिदंत लावत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पुढे तो कडक होत गेला, आणि शिंग व दंत दोन्ही बंद झाले. आता आबनूस लावतात किंवा कृत्रिम, प्लास्टिकच्या जातीचा पांढरा ठोकळा लावतात. सतारीचा सगळा आवाज त्या बोटभर पट्टीवर ठरतो. तार जिथे तिला घासून सुटते ती उतरण एका कानशीच्या चुकीने बिघडते. मी जवारी काढतो, म्हणजे ही उतरण कानशीने जुळवतो, तेव्हा दोन हात मारून पट्टी बसवतो, तार छेडतो, उतरवतो, पुन्हा दोन हात मारतो. चांगली खुली जवारी लागायला कधी दोन तास जातात, कधी दिवस जातो. शिंगाची पट्टी कानशीखाली वेगळी चिरचिरते, कृत्रिम पट्टीचा भुगा हाताला चिकटतो. नादही किंचित निराळा असतो, हे मी मान्य करतो.

आता सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या घोडीला काय लावले आहे हे विचारले होते? माझ्या अनुभवात शंभरात दोघे-तिघे विचारतात. वाद्याच्या नादाचे काळीज बदलले, आणि मंडळींनी ते न कळत स्वीकारले, कारण रंग पांढराच राहिला. आणि ज्या खुंटीचा नादाशी काडीचा संबंध नाही, ती चकाकते म्हणून तिच्यावरून एवढा लांब धागा चालला आहे.

मेरुखंड (धुळे)

रंधाभाऊ, हे वाचून मी उठून आमची सतार उजेडात नेऊन पाहिली. कृत्रिमच आहे. गेली अकरा वर्षे मी ती शिंगाची समजत होतो आणि विद्यार्थ्यांनाही तसेच सांगत होतो. आज यापेक्षा जास्त लिहवत नाही.

लोकल_लूप (भुसावळ)

मेरुखंडजी, अकरा वर्षे ती उत्तमच वाजली ना? मग वाईट वाटून घेऊ नका.

गजावरचा_माणूस

तापीकाठ, मूळ प्रश्नाकडे येतो. व्हायोलिनसाठी अशा खुंट्या मिळतात की ज्यांचे गिअर खुंटीच्या पोटातच दडवलेले असतात. बाहेरून त्या साध्या काळ्या लाकडी खुंट्यांसारख्याच दिसतात. व्हिटनर या जर्मन कंपनीच्या खुंटीत साडेआठ वेढ्यांना तारेचा एक वेढा होतो. मी चार वर्षे वापरतो आहे; माझ्या गुरूंना अजून माहीत नाही. सतारीला तसे काही करता येईल का?

रंधा (चाळीसगाव)

व्हायोलिनची खुंटी बारीक, सतारीची जाड, उतारही वेगळा. भोक बुजवून नव्याने पाडावे लागेल. अशक्य नाही, पण तीस वर्षांच्या दांडीला तो घाव घालण्यापेक्षा मी आधी फक्त बाजाच्या आणि जोडाच्या, म्हणजे समोरच्या दोनच खुंट्या बदलून पाहीन. ताण सगळा तिथे आहे. वजनाचा मेरुखंड यांचा आक्षेपही त्याने बराचसा मिटतो. बाकीच्या पाच नव्याने तासून बसवाव्यात. आणि काढलेल्या खुंट्या फेकू नयेत.

तापीकाठ (जळगाव)

मंडळी, तीन महिन्यांनी लिहितो आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. रंधाभाऊंच्या सल्ल्याप्रमाणे समोरच्या दोन खुंट्या दडवलेल्या गिअरच्या बसवून घेतल्या आणि उरलेल्या पाच नव्याने तासून घेतल्या. बोरीकाठच्या ताईंचे म्हणणे पहिल्याच आठवड्यात पटले. माझा डावा हात अजून जुन्या सवयीने खुंटी आत दाबत फिरवतो, तिथे आता दाबायचे काहीच नाही, आणि साडेआठ वेढे म्हणजे किती याचा मनगटाला अंदाज यायला महिना गेला.

इंडियानापोलिसचा प्रयोग डोक्यात होताच. आमच्या मंडळाच्या मासिक बैठकीत मी मधल्या खोलीत बसलो, दाराला पडदा सोडला, आणि नाना व इतर सात-आठ जण बाहेर बसले. मी सतार जुळवली आणि भीमपलास वाजवला, वीस मिनिटे. बाहेर आल्यावर विचारले, काही वेगळे वाटले का. सगळे म्हणाले, तीच सतार, तोच नाद. नाना मात्र हसत होते. म्हणाले, "यंत्र बसवलेत ना?" मी थक्क झालो, विचारले की नादात काय फरक जाणवला. नाना म्हणाले, "नादात काही नाही. तुम्ही आज चार मिनिटांत जुळवलीत. एरवी तुमची सतार जुळेपर्यंत माझा एक चहा होतो."

मग त्यांनी आपला खरा आक्षेप सांगितला. सतार जुळत असताना श्रोत्याच्या कानात षड्ज मुरतो. त्या पंधरा मिनिटांत बाहेरचा रस्ता, घरातली कटकट, सगळे गळून पडते. आज भीमपलास सुरू झाला तेव्हा ते अजून बाजारपेठेतच होते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या बैठकीला सतार जुळल्यावरही दहा मिनिटे नुसता षड्ज छेडत बसलो. नानांनी चहा शांतपणे संपवला, कप खाली ठेवला आणि मान हलवली, तेव्हा आलाप सुरू केला.

बोरीकाठची (अमळनेर)

नानांना माझा नमस्कार सांगावा. पुढच्या बैठकीला त्या मुलीला घेऊन येते.

मेरुखंड (धुळे)

अभिनंदन. मारवा पुन्हा वाजवलात का?

तापीकाठ (जळगाव)

वाजवला. रिषभ जागेवर राहिला. आता पडद्यांच्या तातीच सैल पडू लागल्या आहेत.

भरीत_भाकरी

त्या काढलेल्या दोन खुंट्या अजून आहेत का? आमच्या सतारीची जोडाची खुंटी परवा तुटली. खडू माझ्याकडे आहे.